ऑरलँडोच्या डिस्नीत शाकाहारी आई-बाबांना कुठे जेवू घालायचं?

निपाणीचे सहा जण अमेरिकेतल्या डिस्नी वर्ल्डला निघालेत, त्यात दोघं ज्येष्ठ शाकाहारी, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो पिझ्झावर दिवस काढा. अजिबात नको!

डिस्नीच्याच अ‍ॅनिमल किंग्डम लॉज या हॉटेलातलं 'साना' रेस्टॉरंट गाठा. पाच प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि सोबत नऊ चटण्या-लोणची असं एक मोठं ताट मिळतं. गरम नान तोडून लसणाच्या लोणच्यात बुडवला की आई-बाबांच्या चेहऱ्यावरच कळेल. लॉज पार्कबाहेर आहे, त्यामुळे तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. उजेड असतानाची वेळ घ्या, खिडकीतून जिराफ दिसतात. लोक चुकतात ते इमारतीत, कारण लॉजच्या इमारती दोन आहेत: साना किदानी व्हिलेजमध्ये आहे, 'बोमा' बुफे जांबो हाऊसमध्ये.

टेबलाचं बुकिंग 60 दिवस आधी खुलं होतं, तिथल्या सकाळी 6 च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी 3.30, हिवाळ्यात 4.30. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणार असाल तर चेक-इनच्या 60 दिवस आधी, मुक्कामाचे 10 दिवसांपर्यंतचे सगळे टेबल एकदम घेता येतात. सहा जणांचं टेबल लवकर संपतं, तेव्हा गजर लावाच.

मेनूवर पानाचं चिन्ह असलेल्या पदार्थात मांस, अंडी, दूध काहीच नसतं.

दशम्या आणि शेंगाचटणी पार्कात नेता येते, फक्त डबा प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा घ्या. लोणच्याची काचेची बरणी गेटवरच अडवतात. पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात.