बी विंग पार्किंग: लाल डाग, गिअरबॉक्स आणि वापरलेलं तेल

गुरुवार

कुलकर्णी वहिनी (बी-२०३): नमस्कार. बी विंगच्या लिफ्टसमोर लाल डाग कसले पडलेत? सकाळी दूधवाला विचारतोय, "काकू, कुणाला लागलं का?" चप्पल टेकवून बघितली तर बुळबुळीत. आमच्या सासूबाई त्याच वाटेने देवळात जातात. मागच्या पावसाळ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा सांगत नाही.

सुहास (ए-४०३): पानाची पिंक असेल. सी विंगकडे काम करणारा तो प्लंबर.

गोखले मावशी (सी-१०२): सी विंगचं नाव कशाला मध्ये आणायचं?

मंदार (बी-५०१): वहिनी, डाग माझेच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आहे, एटीएफ. इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो. भुसा टाकून ठेवलाय, रात्री साबणाने धुतो.

कुलकर्णी वहिनी: रात्री का? आत्ता का नाही?

मंदार: ऑफिसात आहे वहिनी.

नेनेकाका (ए-१०१): विषय: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती. (१) पार्किंगची जागा वाहन लावण्यासाठी आहे. (२) वापरलेले तेल कुठे जाते? (३) कमिटीची परवानगी आहे काय? लेखी उत्तर द्यावे.

सुहास: मंदार, अजून चाललंय का तुझं? गाडी विकून टाक रे, भंगारवाल्याला गणपतीआधी माल लागतो 😂

मंदार: गॅरेजवाला अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणाला. त्याने सांगितलेल्या आकड्यात अशीच दुसरी गाडी येते. नुसतं आतल्या झिजणाऱ्या भागांचं किट घेऊन घरी बसवलं तर फार कमी.

रोहन (बी-३०२): दादा, नवीन आहे म्हणून विचारतो, नेमकं बिघडलंय काय?

मंदार: दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. तेल काढलं तर काळं आणि करपलेला वास. आत क्लचच्या चकत्या असतात, एक घर्षणाची, एक स्टीलची, पुन्हा एक घर्षणाची. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना एकमेकींवर आवळतो. पिस्टनचं रबरी सील वयाने कडक झालं की दाब गळतो, चकत्या घसरतात आणि जळतात. नुसत्या चकत्या बदलून भागत नाही. सील तेच ठेवलं तर नव्याही जळणार.

शिंदेकाका (ए-६०२): बरोबर. पण मंदार, तू कधी गिअरबॉक्स उघडलायस का? आमची दापोडीच्या वर्कशॉपात हयात गेली. एसटीचा गिअरबॉक्स डोळे मिटून जोडायचो.

मंदार: नाही काका, हा पहिलाच. म्हणून प्रत्येक सुट्ट्या भागाचा फोटो काढतोय.

नेनेकाका: विषय: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती. (१) (२) (३) वरीलप्रमाणे. उत्तर आलेले नाही.

शुक्रवार

गोखले मावशी: 🌸 शुभ सकाळ 🌸 सुंदर विचारांनी दिवसाची सुरुवात करा 🌸

सायली (बी-५०१): मावशी, आमच्याकडे दिवसाची सुरुवात डबा शोधण्यापासून होते. माझा पाच किलोचा स्टीलचा डबा सापडला. आत चकत्या तेलात बुडवून ठेवल्यात.

मंदार: सायली, हा सोसायटीचा ग्रुप आहे.

सायली: म्हणून तर इथे लिहिलंय. घरात सांगून झालंय.

शिंदेकाका: भिजवायलाच लागतात, बरोबर आहे त्याचं. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपतील. पण डबा घरातला घ्यायचा नाही 😄

सुहास: आमचीपण ऑटोमॅटिक आहे. रविवारी मीपण उघडू का?

मंदार: तुमची एएमटी. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच कोरडा क्लच. तुमच्याऐवजी यंत्र क्लच दाबतं आणि गिअर टाकतं. माझ्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारं गोल भांडं), प्लॅनेटरी गिअर आणि तेलाचे चक्रव्यूह. दोन्हींचा काही संबंध नाही.

सुहास: म्हणजे आमची खोटी ऑटोमॅटिक?

मंदार: असं कुठे म्हटलं?

सुहास: २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हा याच ग्रुपवर "मध्यमवर्गाची ऑटोमॅटिक" म्हणून कुणी टिंगल केली होती, सगळं लक्षात आहे.

रोहन: दादा, २०१४ ला हा ग्रुप होता?

सुहास: (मेसेज डिलीट केला)

पाटील, सेक्रेटरी (ए-५०३): सर्वांनी विषयावर राहावे ही विनंती. मंदारराव, काम कधी संपेल ते कळवावे. दुपारी १ ते ४ कॉम्प्रेसर लावू नये, तीन जणांचे फोन आले.

मंदार: साहेब, कॉम्प्रेसर फक्त हवेच्या चाचणीला लावतो. जोडणी झाली की प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकातून हवा सोडायची. सील नीट बसलं असेल तर पिस्टन "टप्" करून सरकतो, नुसतीच सूं सूं ऐकू आली तर परत उघडायचं. बॉक्स गाडीत चढल्यावर हे कळून उपयोग नाही. आता ४ नंतरच लावेन. आणि एक विनंती, माझ्या कोपऱ्यात कुणी झाडू मारू नका.

कुलकर्णी वहिनी: 😳 आधी डाग पाडायचे, मग झाडूला बंदी?

मंदार: वहिनी, व्हॉल्व्ह बॉडी उघडी आहे, कुठल्या क्लचला तेल जायचं ते तीच ठरवते. हाताच्या पंजाएवढ्या त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात बारीक नाल्या आणि त्यात सरकणारे व्हॉल्व्ह. धुळीचा कण अडकला तरी व्हॉल्व्ह चिकटतो. म्हणून मी फडकंसुद्धा वापरत नाही, धागे सुटतात. काल झाडू फिरला आणि वर झाकायला ठेवलेलं प्लास्टिक उडालं. सगळं पुन्हा धुतलं.

कुलकर्णी वहिनी: शारदाताईला मीच सांगितलं होतं झाडायला. तुमचं प्लास्टिक उडेल असं माहीत नव्हतं. पण सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

सायली: वहिनी, त्यांनी बोर्ड लावला होता. "कृपया झाडू नये." लोक हसून गेले.

नेनेकाका: मुद्दा (२) वापरलेले तेल कुठे जाते? हा प्रश्न विनोदाचा नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल येते.

मंदार: काका, तुमचं बरोबर आहे. जुनं तेल वीस लिटरच्या कॅनमध्ये झाकून ठेवलंय, गटारात थेंब गेलेला नाही. अधिकृत पुनर्वापरवाल्याला देणार, पावती ग्रुपवर टाकतो.

नेनेकाका: ठीक. मुद्दा (१) व (३) शिल्लक.

शनिवार

रोहन: बी विंगच्या लिफ्टमध्ये हा स्टीलचा छर्रा सापडला (फोटो). दादा, तुमचा राहिला का?

सुहास: मंदारचा छर्रा सुटला 🤣🤣🤣

कुलकर्णी वहिनी: सुहास, लहान मुलं आहेत या ग्रुपवर.

मंदार: माझा नाही. व्हॉल्व्ह बॉडीतले चेक बॉल, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणारे छोटे गोळे, काढतानाच मोजून डबीत ठेवलेत. बसवताना पेट्रोलियम जेलीने चिकटवतो, नाहीतर उलटं केलं की घरंगळतात. जेली नंतर तेलात विरघळते. ग्रीस लावायचं नाही, नाल्या तुंबतात.

गोखले मावशी: तो छर्रा आमच्या अथर्वच्या सायकलचा आहे, हँडल खडखडत होतं. आणा इकडे.

शिंदेकाका: उद्या बॉक्स चढवायचा ना? बोल्ट आवळत आवळत आत ओढून घे, आपोआप बसतो.

मंदार: काका, इथे तसं नाही. टॉर्क कन्व्हर्टर आधी बॉक्समध्ये फिरवत फिरवत पुरता बसवावा लागतो, टप्प्याटप्प्याने खाली जातो. खाली गेलाय ना, ते पट्टी लावून मोजायचं. अर्धवट राहिला आणि बोल्टने ओढलं तर आतला ऑइल पंप फुटतो. बॉक्स हाताने इंजिनला टेकलाच पाहिजे. बोल्ट फक्त धरायला.

शिंदेकाका: आमच्या बसला असलं भांडं नव्हतं. मी ५६ पासून गाड्या बघतोय.

सुहास: काका, ५६ साली तुम्ही तीन वर्षांचे होतात.

शिंदेकाका: बघतोय म्हटलं. चालवतोय नाही म्हटलं.

मंदार: काका, उद्या तुम्ही उभे राहा नक्की. सत्तर किलोच्या आसपास वजन आहे, जॅक आहे पण दोन हात लागतील. कोण येतंय?

(दोन तास कुणीच काही लिहिलं नाही.)

सायली: कांदेपोहे आहेत.

रोहन: मी येतो.
सुहास: मी पण. एएमटीवाल्यांना प्रवेश असेल तर.
पाटील, सेक्रेटरी: मी १० ला येतो. कमिटीतर्फे पाहणी म्हणून.

रविवार

शिंदेकाका: बसला. बोल्टाला हात लावण्याआधी हाताने टेकला, कन्व्हर्टर मोकळा फिरतोय. पोराने गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यासुद्धा आधी धुवून काढल्या होत्या, जुना बारीक चुरा रेडिएटरमध्ये राहिला की नव्या बॉक्समध्ये परत जातो. हे मला सुचलं नसतं.

मंदार: तेल भरलं. इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून नेलं, गरम झाल्यावर पातळी बघून थोडं घातलं. रिव्हर्स लगेच लागतो. गेटपर्यंत जाऊन आलो, दुसऱ्यातून तिसरा सरळ पडला. वरच्या वेगाचं रस्त्यावर गेल्याशिवाय कळणार नाही. रात्रभर खाली पुठ्ठा अंथरतो, गळती असेल तर दिसेल.

कुलकर्णी वहिनी: पुठ्ठा सकाळी काढाल ना? आणि पोहे चांगले होते सायली. फक्त तो डबा कुठला होता?

सायली: दुसरा होता वहिनी. आधीचा आता पार्किंगचाच झाला.

नेनेकाका: मुद्दा (३). परवानगी.

पाटील, सेक्रेटरी: नेनेसाहेब, पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये ठराव आणू. पार्किंगमध्ये मोठं काम करायचं तर आधी अर्ज, तेलाची जबाबदारी आणि दुपारच्या वेळेची अट. मंदाररावांचं झालेलं काम नोंदवून घेऊ.

नेनेकाका: मागील तारखेने परवानगी देता येत नाही.

पाटील, सेक्रेटरी: म्हणून नोंद म्हटलं, परवानगी नाही.

नेनेकाका: मग चालेल. पावती टाकावी.

गोखले मावशी: टँकर गेटवर उभा आहे आणि पांढरी गाडी आडवी लावली आहे. कुणाची आहे ती? पाच मिनिटं हॉर्न वाजवतोय!!

सुहास: माझी नाही. माझी करडी आहे आणि ऑटोमॅटिक आहे.