गोव्यातले जुने खाण-डंप: उपसून विकावेत की आहेत तिथेच राहू द्यावेत? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

खनिजवाट
फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण लिजांचं नूतनीकरण रद्द केलं. पुढे खाणींचे ब्लॉक लिलावात निघाले, पण डिचोली, सत्तरी, सांग्यातले खाणींतून काढून टाकलेल्या मातीचे डोंगर, म्हणजे डंप, बरेचसे होते तिथेच आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: नवा डोंगर फोडण्याआधी हे सगळे डंप विकून संपवा. इथे एक टन खनिजामागे अडीच-तीन टन ओव्हरबर्डन, म्हणजे वरची टाकाऊ माती आणि दगड, निघायचं, आणि निर्यातीला ५८ टक्के लोह लागायचं त्या काळात त्याहून कमी लोहाचं बरंच खनिज रिजेक्शन म्हणून ढिगावर गेलं. नंतर हेमॅटाइट या लोहखनिजाचा उंबरठा, म्हणजे खनिज म्हणून धरायला लागणारं किमान लोह, ४५ टक्क्यांवर आला. सुरुंग नको, खडक उकरणारा रिपर नको, एक्सकॅव्हेटर आणि टिपर पुरेत. ५० मीटरच्या ग्रिडवर, म्हणजे चौकटीत समान अंतरावर, बोअर घ्या, दर तीन मीटरला नमुना काढा, किती लोह आहे तो आकडा समोर येईल.

कोअरबॉक्स
आकडा येईल, पण कशाचा? डंप हा खडकाचा थर नाही. टिपर वरून रिकामा झाला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात आणि बारीक माल माथ्याजवळ राहतो. शिवाय एका वर्षी वरचा जांभा टाकला, दुसऱ्या वर्षी फिलाइट या पापुद्र्यांच्या खडकाची गुलाबी चिकणमाती, तिसऱ्या वर्षी रिजेक्शन. पन्नास मीटरवरच्या दोन बोअरांच्या मध्ये काय असेल, हे भूशास्त्राने सांगता येत नाही. ते तेव्हाच्या टिपर ड्रायव्हरला ठाऊक.

आता बोअरिंगचं बघा. भुसभुशीत मालात पाणी वापरून कोअर, म्हणजे बोअरमधला दंडगोल नमुना, काढलात तर चिकणमाती वाहून जाते आणि पेटीत हेमॅटाइटचे खडे उरतात. प्रयोगशाळा ४८ टक्के लोह सांगते, ढीग प्रत्यक्षात ४१ चा असतो. कोअर रिकव्हरी, म्हणजे खणलेल्या लांबीपैकी हाती आलेला कोअर, ९० टक्क्यांखाली गेली की त्या मीटरचा ग्रेड, म्हणजे लोहाचा टक्का, वापरूच नये.

आकारमानातही घोळ आहे. ड्रोनने वरचा पृष्ठभाग चोख मिळतो. खालची मूळ जमीन जुन्या नकाशावरून घ्यावी लागते आणि त्यातल्या समोच्च रेषांमधलं अंतर दहा-वीस मीटरचं. दहा हेक्टरच्या डंपाखाली दोन मीटरची चूक म्हणजे दोन लाख घनमीटर. घनता दोन धरली तर चार लाख टन फक्त कागदावर.

खनिजवाट
रिकव्हरीचा मुद्दा मान्य, पण चूक एकाच दिशेने होते असं नाही. गोव्यातलं बरंच खनिज भुकटीच्या रूपात आहे, पाण्याबरोबर तेही जातं आणि मग ग्रेड उलट कमी दिसतो. उपाय आहे: पाण्याऐवजी कोरडं बोअरिंग, आणि दर चार-पाच बोअरांमागे एक्सकॅव्हेटरने एक चाचणी खड्डा. त्यातून काही टनांचा नमुना काढून शंकू करून चौथाई पद्धतीने, म्हणजे चार भाग पाडून समोरासमोरचे दोनच ठेवत, कमी करत जायचा. घनताही तिथेच मोजायची: खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर लावून पाणी भरून आकारमान काढायचं, निघालेला माल वजनकाट्यावर, आणि ओलावा वजा करायला विसरायचं नाही. पायथ्याची जमीन बोअर मूळ जांभ्यात शिरला की कळते. काम खर्चिक आहे, अशक्य नाही.

हायड्रोसायक्लोन
सगळे फीडच्या, म्हणजे प्लांटमध्ये जाणाऱ्या मालाच्या, ग्रेडवर भांडताहेत, टेलिंग्जकडे, म्हणजे धुऊन उरलेल्या टाकाऊ गाळाकडे, कुणी बघत नाही. समजा डंपाचा माल ४२ टक्के, धुऊन ५८ करायचा, आणि टेलिंग्ज ३२ वर बाहेर पडतात. (४२ वजा ३२) भागिले (५८ वजा ३२). उतारा, म्हणजे हाती येणारा विक्रीचा माल, ३८ टक्के. मूळ लोहापैकी वसुली जेमतेम ५३ टक्के. म्हणजे शंभर टनांतले एकसष्ट टन पुन्हा टाकाऊ, फक्त आता ते पातळ. गाळ दाट करणाऱ्या थिकनरमधून ४५ टक्के घन पदार्थाच्या गाळाच्या रूपात निघाले तरी सोबत ७५ टन पाणी असतं. कोरडा ढीग गेला आणि बंधाऱ्याआड चिखलाचं तळं आलं, हा सौदा कुणाला फायद्याचा ते सांगा.

ॲल्युमिना, म्हणजे खनिजातला नको असलेला ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, तर सगळं धुऊनही जात नाही. सुटी चिकणमाती लॉग वॉशर या धुलाई यंत्रात निघते, पण गोथाइट या लोहखनिजाच्या कणातच बसलेलं ॲल्युमिना जड-हलकं वेगळं करणाऱ्या स्पायरलने किंवा मॅग्नेटिक सेपरेटरने सुटत नाही. नुसता लोहाचा टक्का बघून प्लांट उभारला तर गिऱ्हाईक ॲल्युमिनासाठी दर कापतं. म्हणून आधी प्रत्येक डंपाची धुलाई चाचणी, चाळणीच्या प्रत्येक आकारानुसार लोह, सिलिका आणि ॲल्युमिना वेगळं मोजून.

पाटाचं पाणी
खाणपट्ट्यातल्या पिसुर्ले, कुडणे भागात शेतात खाणीचा गाळ येण्याचा अनुभव नवा नाही. ज्या डंपांवर अकेशिया आणि काजू रुजलेत, त्यांची वरची साल आता कुठे धरलीय. ती मे महिन्यात उघडी केलीत की जूनमध्ये काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

“सेटलिंग पाँड, गाळ बसायचं तळं, आहे ना” हे उत्तर कृपया देऊ नका. दहा हेक्टरवर दिवसात १०० मिलिमीटर पडला आणि ७० टक्के वाहून आला तर सात हजार घनमीटर पाणी. तीन हजार घनमीटरच्या तळ्यात ते सरासरी दहा तास थांबेल. दोन मायक्रॉनचा मातीकण पूर्ण स्थिर पाण्यातसुद्धा एक मीटर खाली जायला जवळपास तीन दिवस घेतो. तळ्यात रेती बसते, लाल पाणी थेट भाताच्या खाचरात.

उतारकोन
पाटाचं पाणी, गणित बरोबर आहे, पण “राहू द्या” म्हटल्याने डंप शांत बसत नाही. सुट्या मालाचा नैसर्गिक कोन ३७ अंशांच्या आसपास. बरेच जुने डंप त्याच कोनात, बाकं, म्हणजे उतारातले सपाट टप्पे, न काढता उभे आहेत. पायथ्याची भिंत फुगलेली, गटार बुजलेलं, माथ्यावर पाणी साचतंय. अकेशियाची मुळं वरचा मीटर-दोन मीटर धरतात, खोल घसरण अडवत नाहीत. असे डंप आताही दर पावसाळ्यात गाळ सोडतात, फक्त बिल कुणाच्या नावावर फाटत नाही.

पाटाचं पाणी
मग जे सरकताहेत तेच उचला, आणि बाजारात नाही, जुन्या खड्ड्यात भरा.

हायड्रोसायक्लोन
खड्ड्यात भरतानाही जपून. भुकटी खनिजाचा थर हाच अनेक ठिकाणी भूजलाचा साठा आहे. तिथे चिकणमाती ओतलीत तर विहिरींकडे जाणारी वाट बुजेल. शिवाय काही खड्ड्यांतलं पाणी उन्हाळ्यात उपयोगी पडतं. आधी भोवतालच्या विहिरींची पातळी पावसाआधी आणि नंतर मोजा, मग जाड माल तळाशी, माती वर.

खनिजवाट
ठीक, ‘सगळे डंप’ हा शब्द मी मागे घेतो, विक्रीचा मुद्दा मात्र कायम. पायथा सरकलेले आणि धुलाईत उतारा ३५ टक्क्यांच्या वर देणारे आधी. उपसा ऑक्टोबर ते एप्रिल, वरून खाली, दर सहा मीटरला बाक, आणि मेमध्ये एकही उघडा उतार नाही.

कोअरबॉक्स
आणि तो ३५ टक्के उतारा कुणाच्या नमुन्यावरून? माल घेणाऱ्याने स्वतःच काढलेल्या नमुन्यावरून असेल तर माझा विरोध कायम.