मुलांचा ॲप प्रोजेक्ट: खाण्यावरच्या कल्पना इथे टाका

ए-४०३: गणपतीआधी सोसायटीतली कॉलेजची मुलं मिळून खाण्यावरचं ॲप किंवा गेम करणार आहेत. कल्पना सुचवा. नुसतं रेसिपीचं ॲप नको, त्यासाठी सगळे यूट्यूबच उघडतात.

सी-१०१: महाप्रसादाचं माप काढणारं करा. माणसं टाकली की तांदूळ, डाळ, तेल किती ते समजावं.

बी-२०२ काकू: नुसता गुणाकार केलात तर भाताचा गिचका होईल. घरच्या भाताला दुप्पट पाणी लागतं, दहा किलोच्या पातेल्यात तेवढं ओतलं की खालचा थर लगदा. वाफ वरच्या तोंडातून जाते आणि मोठ्या पातेल्याचं तोंड तांदळाच्या मानाने लहान. मीठ-तिखटही आधी पाऊणच घालायचं, मग चव बघून वाढवायचं.

ए-४०३: म्हणजे प्रत्येक जिन्नसाचा गुणक वेगळा. होईल, पण आकडे काकूंकडूनच घ्यावे लागतील.

डी-३०४: पाकिटावरचा बारकोड स्कॅन करून ॲलर्जीचा इशारा? ओपन फूड फॅक्ट्स या खाद्यपदार्थांच्या माहितीसाठ्याचा डेटा सगळ्यांना खुला आहे.

ए-४०३: डेटा लोकच भरतात. कंपनीने घटक बदलले आणि नोंद जुनीच राहिली, तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला ॲप 'चालेल' म्हणेल. ही जोखीम मुलांच्या प्रोजेक्टने घेऊ नये. शिवाय सुट्या फरसाणावर बारकोड कुठला?

बी-२०२ काकू: मग उकडीच्या मोदकांचा गेम करा की.

ए-४०३: हे आवडलं! काकू, कुठे काय बिघडतं ते सविस्तर लिहाल? गेम त्यावरच उभा राहील.

बी-२०२ काकू: एक वाटी पाण्यात चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. खळखळून उकळलं की गॅस बारीक करून एक वाटी पिठी घालायची, ढवळून झाकण, दोन मिनिटं वाफ. उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. गार झाल्यावर मळली तर पारीच्या कडेला चिरा जातात. पारी मधे जाडसर, कडेला पातळ. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ. ओलं राहिलं तर वाफेत मोदक खालून फुटतो आणि गूळ चाळणीत उतरतो. जास्त आटवलं तर गार होऊन खडा. वाफ १०-१२ मिनिटं, खाली हळदीचं पान.

ए-४०३: सोनं आहे हे. स्वयंपाकाच्या बऱ्याच गेममध्ये पायरी संपली की लगेच तारे मिळतात. मोदकाची चूक होते मळताना नाहीतर सारण आटवताना, आणि उघडी पडते झाकण काढल्यावर. म्हणून आपण मधे एकही गुण दाखवायचा नाही. आतल्या आत चार आकडे मोजत राहायचे: उकडीचा ओलावा, उकडीची उष्णता, सारणाचा ओलावा, पारीची जाडी. शेवटी मोदक कुठून फुटलाय ते बघून खेळणाऱ्याने कारण ओळखायचं.

डी-३०४: कळ्या कशा काढणार? दोन बोटांचा चिमटा?

ए-४०३: चिमट्यात बोटांखाली मोदकच झाकला जातो. मोदक वर ठेवू, खाली मोकळी पट्टी. तिथे एक बोट वर ओढलं की एक कळी, मग मोदक आपोआप थोडा फिरेल. पट्टीची उंची ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे स्क्रीनवरच्या मापाचं एकक) बरीच जास्त हवी, ती अँड्रॉइडने सुचवलेली किमान आहे.

बी-२०२ काकू: सुरुवातीला ११ कळ्या पुरेत. २१ शेवटच्या लेव्हलला.

सी-१०१: प्ले स्टोअरवर टाकायला खर्च?

ए-४०३: नोंदणी एकदाच, २५ डॉलर. खरी अट वेगळी आहे. नवीन वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर, म्हणजे ॲप आधी वापरून बघणारे, सलग १४ दिवस जोडलेले लागतात. मधेच कुणी बाहेर पडलं तर संख्या घटते, म्हणून १६ जण घेऊ. अँड्रॉइड फोन आणि जीमेल असलेल्यांनी नावं द्या. जाहिराती ठेवणार नाही. लहान मुलांच्या ॲपमधल्या जाहिरातींना गूगलचे नियम फार कडक आहेत.

डी-३०४: आमच्याकडून तीन नावं घ्या.

बी-२०२ काकू: माझंही. आणि पिठी दोन प्रकारची ठेवा, नव्या तांदळाची आणि जुन्या. जुनी जास्त पाणी पिते, तिथे एकास एक माप कोरडं पडतं.

ए-४०३: मग लेव्हल दोन तीच. पिठीच्या डब्यावर काहीच लिहायचं नाही, उकड हाताला कशी लागते त्यावरून पाणी ठरवायचं.