रोजात दुपारनंतर डोकं ठणकतं, पाणी नेमकं कसं प्यायचं?

वाटसरू: आज सहावा रोजा. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, दीड लिटर पाणी पितो, फजरची (पहाटेच्या नमाजची) अजान होईपर्यंत. तरी दोन वाजले की जीभ टाळूला चिकटते आणि चारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. आणखी किती प्यायचं? पोटात जागाच उरत नाही. 'आजारी माणसाला सूट आहे' हे मला माहीत आहे, ते सांगू नका. रोजा चुकवायचा नाही. उपाय सांगा, जरा लवकर.

रात्रपाळी: दीड लिटर एका बैठकीत? शरीर ते साठवून ठेवत नाही. जास्तीचं पाणी दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत किती पिता, ते लिहिलंच नाही. वय? काम उन्हातलं का?

खारीक: ओआरएस घ्या. सहरीला १ लिटरचं एक पाकीट. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असली की आतड्यात पाणी चांगलं शोषलं जातं. मी भट्टीजवळ उभा राहून काम करतो, चार रमजान असेच काढलेत.

निळीशाई: ते जुलाबासाठी आहे हो. एका पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, वर सोडियम सायट्रेट वेगळं. तुमचा घाम निघतो, तुम्हाला चालत असेल. ह्यांना बीपी आहे का, हे न विचारताच महिनाभर रोज प्या म्हणून सांगायचं?

खारीक: अनुभवाचं सांगितलं. पुस्तकी बोलणं सोपं असतं.

चांदरात: विषय निघालाच आहे तर, पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. ईदनंतर ते परत येतं. वजनासाठी रोजाकडे बघू नये.

रात्रपाळी: वजनाचं कोणी विचारलंय?

वाटसरू: वय ४८. काम एसीत बसून, घाम नाही. इफ्तारला खजूर, एक ग्लास सरबत, मग जेवण. रात्रीच्या तरावीह नमाजनंतर दोन कप चहा. एरवी दिवसाला सहा होतात.

रात्रपाळी: म्हणजे रात्रभरात साधं पाणी जवळपास नाहीच! डोकं चहामुळेही दुखत असेल. सवयीचा चहा सुटला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, कधी आठवडाभर पुरतं. पुढच्या वर्षी रमजानच्या आधीच एकेक कप कमी करत आणा.

चांदरात: पुढची वर्षं सोपी जातील. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये. उत्तर गोलार्धात तेव्हा दिवस लहान.

वाटसरू: मला आजचं सांगा.

निळीशाई: कुठली गोळी चालू आहे का? दुसऱ्यांदा विचारतेय.

वाटसरू: बीपीची आहे, सहरीला घेतो. तिचा पाण्याशी काय संबंध? पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत, दुसरं हायड्रोक्लोरोथायझाइड.

निळीशाई: संबंध तिचाच असू शकतो, दादा. ते लघवी वाढवणारं औषध आहे, असर सहा ते बारा तास राहतो. सहरीला प्यायलेलं पाणी त्यामुळेही लवकर निघून जातं. पण मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि रोजे चालू आहेत हे सांगा. ओआरएस तर त्यांना विचारल्याशिवाय नकोच. चक्कर आली, लघवी अगदी कमी झाली, तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

वाटसरू: तीन दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांनी ह्या महिन्यापुरती गोळी बदलून दिली, बीपी रोज मोजायला सांगितलंय. पाणी असं: इफ्तारला दोन ग्लास, तरावीहच्या आधी एक, नंतर झोपेपर्यंत थोडं थोडं करून तीन, सहरीला दोन. सहरीचं लोणचं बंद, चहा एकच कप. तहान लागते, पण सोसवते. काल आणि आज डोकं दुखलं नाही. लघवीचा रंगही फिका झालाय. निळीशाई ताई, पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं.

खारीक: माझे अब्बाही बीपीची गोळी घेतात, आणि मी त्यांना रोज सहरीला ओआरएस देतोय. पाकिटावर नाव कुठे लिहिलेलं असतं?

निळीशाई: मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. नाव इथे टाका, आणि उद्याच्या सहरीला साधं पाणी द्या.