मदत हवी आहे : परदेशी विद्यार्थ्याला खोली देताना फॉर्म सी कसा भरायचा?

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत आमच्या आत्याची वरची खोली रिकामी आहे. टांझानियाचा एक मुलगा शिकायला बेळगावात आलाय, त्याला ती पसंत पडली. आत्या तयार आहे, काका मात्र "उगीच पोलिसांचं लफडं नको" म्हणून अडून बसलेत.

मला कळतं ते एवढंच : परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं 24 तासांत फॉर्म सी, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (2025 पासून नाव फॉर्म III), ऑनलाइन भरायचा. आणि 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा स्टुडंट व्हिसा असेल तर विद्यार्थ्यानं भारतात आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची.

अडलंय ते घरमालकाच्या लॉगिनपाशी. एकच खोली असली तरी हॉटेल-लॉजसारखी नोंद करावी लागते का? त्याची मंजुरी बेळगावातून मिळते की बेंगळुरूहून? शिवाय कॉलेजला भाडेकरार हवाय, तो नोटरी केलेला चालतो की रजिस्टरच लागतो?

तसं बेळगावला हे नवीन नाही. केएलई ही इथली शिक्षणसंस्था आणि मलेशियाचं एक विद्यापीठ यांचा वैद्यकीय अभ्यासक्रम इथं 2010 पासून आहे, नेहरूनगरकडं मलेशियन मुलं सर्रास दिसतात. पण त्यांची सोय संस्था बघते. बाहेर खोली शोधणाऱ्याला कोण विचारतो? परदेशी मुलं हवीत म्हणायचं आणि घरमालकाला साधा माहितीचा कागदही द्यायचा नाही, हे काय बरोबर नाही.

शहापूर, वडगाव, अनगोळकडं कुणी अशी खोली दिली असेल तर कृपया सांगा. मुलगा सध्या लॉजवर पैसे भरतोय. आणि हो, काकांशी फोनवर बोलायला कुणी तयार असेल तर फारच बरं!