विषय: आई-बाबांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅम – हॉटेलचा जिना

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगला तिघी-चौघींनी विचारलं होतं, आई-बाबांची अ‍ॅमस्टरडॅमची सहल कशी झाली. पुढच्या महिन्यात आणखी दोन घरी आई-वडील यायचे आहेत, म्हणून आपल्या मेलिंग लिस्टवरच सविस्तर लिहिते.

आई ७१ वर्षांची, बाबा ७६. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा दुखतो. इथून, ड्युसेलडॉर्फहून, थेट आयसीई ही जलद रेल्वे मिळते, तो प्रवास दोघांनाही सोपा गेला. हॉटेल मी निवडलं होतं. केइझर्सग्राख्टच्या काठचं जुनं घर, उंच खिडक्या, खाली कालवा. साइटवर वीसेक फोटो होते, त्यांत जिना एकाही फोटोत नव्हता. आणि मी विचारलंही नाही.

रस्त्यावरून दारापर्यंतच पाच दगडी पायऱ्या. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना इतका उभा, की वरच्या माणसाची पावलं खालच्याच्या तोंडासमोर येतात. पायरीवर पाऊल पुरतं मावत नाही, टाच बाहेर राहते. धरायला एका बाजूला भिंतीला लावलेला जाड दोर. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या वाईच्या माडीचा जिना!" आमच्या वाड्यातही असाच दोर होता. पण तिथे ती विसाव्या वर्षी पाण्याची घागर घेऊन चढत होती.

चढली कशीबशी. उतरताना मात्र बसून, एकेक पायरी सरकत उतरली. माझ्या आईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. रात्री जेवायला जायच्या वेळी म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. "मी खिडकीत बसते, छान दिसतंय इथून." आम्ही तिघं – बाबा, माझा नवरा आणि मी – म्युझियमला गेलो आणि माझं कशातच लक्ष लागलं नाही. रिसेप्शनवर दोनदा विचारलं होतं, खालची खोली मिळेल का. सगळं भरलंय, असं उत्तर.

परत आले तर आई कोणाशी तरी बोलत होती! खोल्या आवरायला येणाऱ्या बाई सुरिनामी हिंदुस्थानी निघाल्या. त्यांची सरनामी बोली आणि आईची पुणेरी हिंदी, दोघींचं चांगलं जमलं होतं. खोलीत केटल नव्हती, तर त्यांनी खालून चहासाठी उकळतं पाणी आणून दिलं होतं. आणि त्या आईला 'आजी' म्हणत होत्या. मला वाटलं आईने शिकवलं. नाही, त्यांच्या भाषेतच वडिलांच्या आईला आजी म्हणतात. १८७३ साली कलकत्त्याहून 'लल्ला रूख' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनामला गेले, त्यानंतर १९१६पर्यंत जवळजवळ ३४ हजार माणसं गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांतली हजारो कुटुंबं हॉलंडला आली. एवढ्या फेऱ्यातून हा एक शब्द जसाच्या तसा माझ्या आईपर्यंत पोचला, हे आठवलं की अजून गलबलून येतं.

त्या बाईंनीच मॅनेजरशी बोलून संध्याकाळपर्यंत नाश्त्याच्या हॉलमागची, तळमजल्याची खोली मिळवून दिली. खिडकीतून कालवा नाही, मागची भिंत. पण तिसऱ्या दिवशी आई आमच्याबरोबर बोटीत बसली.

तेव्हा माझी कळकळीची विनंती: बुक करण्याआधी हॉटेलला मेल करून विचारा. दारात पायऱ्या किती? लिफ्ट असेल तर ती जमिनीपासून सुरू होते, की अर्धा जिना चढून? आंघोळीला टबमध्ये पाय टाकून चढावं लागतं का? उत्तर लेखी घ्या.

– ड्युसेलडॉर्फची ताई

*

ताई, वाचून वाईट वाटलं. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या आम्स्टलफेनला सात वर्षं आहोत, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो.

ही घरं सतराव्या शतकात कालव्याला लागून अरुंद तोंडाची आणि खोल अशी बांधली. जिन्याला जागा देणं परवडत नव्हतं, म्हणून तो उभा. सामान जिन्याने न्यायचं नाहीच, असा हिशेब. प्रत्येक घराच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा दिसतो ना, त्याला दोर लावून कपाट-पलंग खिडकीतून आत घेतात. कित्येक घरं मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकती बांधलीत, म्हणजे वर चढणारं सामान भिंतीला घासत नाही. पर्यटकांना वाटतं घर पडायला आलंय. (काही घरं पायाखालचे लाकडी खांब खचल्यानेही कललीत, ती गोष्ट वेगळी.) २०१०पासून हा कालव्यांचा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे आणि यांतली बहुतेक घरं संरक्षित आहेत, त्यामुळे मालकाने ठरवलं तरी लिफ्ट बसवणं सोपं नाही.

'ग्राउंड फ्लोअर' या शब्दावरही जाऊ नका. मुख्य मजला रस्त्यापेक्षा उंच असतो आणि त्याच्याखाली 'सुतेरें' म्हणून अर्धं जमिनीत गेलेलं दालन असतं. तिथे पायऱ्या उतराव्या लागतात.

खर्चाचं एक: शहराचा पर्यटन कर २०२४पासून खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के आहे. १६० युरोच्या भाड्यावर रात्रीचे २० युरो. बुक करतानाच तो आत धरलाय का बघा, नाहीतर काउंटरवर तोंड वाईट होतं.

ज्येष्ठांना घेऊन येणार असाल तर शहराच्या दक्षिणेकडच्या झाउड स्टेशनच्या बाजूला किंवा आमच्याकडे आम्स्टलफेनला राहा. नव्या इमारती, लिफ्ट, सपाट दार. ५ नंबरची ट्राम थेट म्युझियमांच्या चौकाजवळ नेते. तिकीट काढायची भानगड नाही, बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना टेकवायचं. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं.

– आम्स्टलफेनचा दादा

*

मुलांनो,

दोन्ही पत्रं वाचली. मी स्वतः ७३चा आहे, कोलोनला लेकाकडे वर्षातले सहा महिने असतो, म्हणून ही बाजूही मांडतो.

लिफ्टची चौकशी करा, जरूर करा. पण त्याआधी आम्हाला विचारा. तुम्ही हौसेने सगळं ठरवता, आम्हाला ते स्टेशनवर उतरल्यावर कळतं. आणि तुमची हौस दिसत असते म्हणून आम्ही 'नको' म्हणत नाही. ताई, तुमच्या आईंना भूक नव्हती असं मला वाटत नाही.

आणि दादा, सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना गावाबाहेरच्या काचेच्या इमारतीत पाठवू नका. मला विचाराल तर मी कालव्यावरच राहीन, पहिल्या मजल्यावर, दिवसातून एकदाच उतरेन. पहाटे उठून त्या पाण्याकडे बघणं हाच माझा अर्धा प्रवास. माझ्या मित्राला जिना अजिबात जमणार नाही, त्याला झाउड. ज्याचं त्याला ठरवू द्या, फक्त खरी माहिती समोर ठेवा.

– कोलोनचे काका

*

काका, तुमचं पत्र वाचून काल रात्री आईला फोन केला. सरळ विचारलं, भूक होती का? थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "होती गं. पण परत तो जिना चढायचा होता."

मग तिनेच विषय बदलला. त्या दिवशी आम्ही म्युझियममध्ये असताना समोरच्या घरात दोराला बांधून सोफा वर चढवत होते, ते तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. खाली दोघं दोर ओढत होते, खिडकीत एक जण वाकून उभा, आणि सोफा मध्येच गरगर फिरायला लागला. एवढं रंगवून सांगितलं! मला यातलं काही माहीतच नव्हतं. तिथे असताना मी तिला 'दिवसभर काय केलंस' हे विचारलंच नव्हतं, नुसती माफी मागत होते.

दिवाळीनंतर दोघं परत येणार आहेत. या वेळी मी तीन हॉटेलांची लेखी उत्तरं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहेत, पायऱ्यांच्या आकड्यासकट. ती आणि बाबा ठरवतील.

आणि एक काम आहे. आईने त्या बाईंसाठी वाईहून गोड्या मसाल्याचं पुडकं पाठवलंय, गेल्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांबरोबर. या महिन्यात कोणी अ‍ॅमस्टरडॅमला जाणार असेल तर मला वैयक्तिक मेल करा, हॉटेलचा पत्ता देईन. पाव किलोच आहे, पण वास फार सुटतो, दोन पिशव्यांत घालून देते. त्यांना फक्त सांगा, आजीने दिलंय.

– ताई