पळण्यासाठी टाइट्स घ्यायच्या आहेत, सल्ला हवा

धावतीसातारकर: वय ४६. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, २१ किलोमीटर. आजवर सुती सलवार किंवा ट्रॅकपँटवरच पळाले. यवतेश्वरच्या घाटात पावसात दहा किलोमीटर झाले की मांड्या घासून सालटी निघतात, घरी आंघोळीला बसलं की डोळ्यांत पाणी येतं. टाइट्स कधी घातल्या नाहीत. घरातल्या लेगिंग चालतील का? आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून रस्त्यावर जायचा संकोचही वाटतो.

घाटमाथा: ताई, घरातल्या लेगिंग नकोत. त्या बहुतेक सुती असतात. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि भिजलेलं कापड कातडीला जास्त घासतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये स्पॅन्डेक्स मिसळलेलं कापड बघा. लेबलवर इलास्टेन किंवा लायक्रा लिहिलेलं असेल तरी वस्तू तीच.

सुईदोरा: मी शिवणकाम करते, म्हणून आधी टाइट्स उलटी करून बघते. आतली शिवण बोटाला उंचवट्यासारखी लागली तर ठेवून द्या, ती सपाटच हवी. दोन्ही पायांच्या मधे चार शिवणी एकाच ठिकाणी येऊन मिळत असतील तर नेमकं तिथेच घासणार. तिथे वेगळा तुकडा जोडलेला असला की पाय मोकळा टाकता येतो. कमरेला आतून नाडी हवीच, नुसतं इलॅस्टिक भिजल्यावर खाली सरकतं. दुकानात उठाबशा काढा आणि उजेडात आरशात बघा, ताणल्यावर आतलं दिसतं का ते.

घाटमाथा: नाडीचं अगदी खरं. मी पुरुष असून टाइट्सवर सैल शॉर्ट्स घालतो, आमच्या गटात बरेच जण तसंच करतात. तुम्ही वरून लांब टी-शर्ट घाला. पहिल्या आठवड्यानंतर लक्ष श्वासाकडे राहतं, कपड्यांकडे नाही.

धावतीसातारकर: मनापासून आभार. दाब देणाऱ्या महागड्या टाइट्सने वेग वाढतो म्हणतात, घेऊ का?

सुईदोरा: वेगासाठी नको. तसा ठोस पुरावा नाही. पळून झाल्यावरचा ठणका काहींना कमी वाटतो, तेवढंच. त्या पैशांत साध्या दोन जोड्या येतील, पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरी. गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसला की कापड घाम शोषत नाही.

घाटमाथा: आणि शर्यतीच्या दिवशी नवी कोरी घालू नका. त्याआधी दोन-तीनदा लांब पळून बघा, एकदा तरी पावसात. पहिले काही दिवस मांड्यांना पेट्रोलियम जेली लावा.

धावतीसातारकर: काल घेतली, घोट्यापर्यंतची, काळी, नाडीवाली. आज सकाळी आठ किलोमीटर पळाले. मांड्यांना काही झालं नाही, पण कमरेची नाडी घट्ट बांधल्याने वळ उठलाय. नाडी किती आवळायची, कुणी सांगेल का?

सुईदोरा: आत दोन बोटं सहज जातील एवढीच. गाठीऐवजी दुहेरी फास टाका आणि टोकं आत खोचा.